चोवीस काटे आणि एक बाटली

रविवारी सकाळी साडेनऊला टेंपो दारात उभा राहिला आणि त्यातून चोवीस खोकी उतरायला लागली, तेव्हा मालकांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. खोकी त्यांनी लगेच ओळखली. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच स्वतःच्या हाताने त्यांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. कारखाना रविवारी बंद, म्हणून टेंपोवाल्याने घराचा पत्ता विचारत विचारत माल इथे आणून पोचवला होता. एवढ्या तत्परतेबद्दल मालकांना त्याचा मनापासून राग आला.

बाहेरचे त्यांना मालक म्हणत आणि घरातले बाबा म्हणत, पण घरातल्यांचा सूरही मालक म्हणण्याचाच असे. वडिलांनी सुरू केलेला काट्यांचा कारखाना त्यांनी एकेचाळीस वर्षं चालवला होता. आधी धान्याचे काटे, मग टपालाचे, आणि गेली दहा वर्षं मुख्यतः दवाखान्यांसाठी तान्ह्या बाळांची वजनं करायचे काटे. वर पांढरी खोलगट ताटली, खाली घड्याळासारखी तबकडी. एकेचाळीस वर्षांत एकही काटा परत आला नव्हता. आता एकदम चोवीस आले होते, आणि ते का आले हे जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक आहे, अशी मालकांची समजूत होती.

विक्री पाहणाऱ्या थोरल्याने बैठकीच्या खोलीत खोक्यांची भिंत रचून घेतली आणि सोबत आलेलं पत्र मोठ्याने वाचलं. पत्र दवाखान्यातल्या मुख्य परिचारिकेचं होतं आणि तिने शब्द जपून वापरलेले नव्हते. नवे काटे लावल्या दिवशी वॉर्डातल्या अकरा बाळांची वजनं सव्वाशे ग्रॅमपर्यंत घटलेली दिसली. सात आया रडल्या. एका आजीने डॉक्टरांना धारेवर धरलं. एका धडधाकट बाळाच्या टाचेत विनाकारण दोनदा सुई गेली. शेवटी बाईंनी साखरेची एक किलोची पाकिटं आणून ताटलीत ठेवली, तेव्हा बाळं ठणठणीत असून काटेच रोडावलेत हे उघड झालं.

पत्राची घडी घालता घालता थोरल्याने दुसरा कागद खिशातून काढला. तो आठवडाभर हा कागद घेऊन फिरत होता आणि योग्य वेळेची वाट पाहत होता. नव्या तपासनिसाच्या नेमणुकीचं ते पत्र होतं, माणूस उद्यापासून पूर्ण वेळ रुजू होणार होता, फक्त खाली मालकांची सही हवी होती. बाबा, वाईट वाटून घेऊ नका, असं म्हणून त्याने वाईट वाटेल तेच सांगितलं. म्हणजे, बाबांनी हौसेने स्वतः काटे तपासले हे ठीक, पण आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत.

मालकांना अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत होता. तरीही त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "असेल बुवा. डोळेच असतील."

थोरल्याला हे जड गेलं. बाप इतक्या सहज हार मानेल ही त्याची अपेक्षा नव्हती, आणि सहज मिळालेल्या विजयाचा त्याला नेहमीच संशय येई. धाकटा म्हणजे कारखान्यातली यंत्रं सांभाळणारा भाऊ, तो आपला मूग गिळून खोकी मोजत होता. या कारखान्याची खरी तपासनीस त्याची बायको होती. बाळंतपणाच्या रजेवर जाईपर्यंत सहा वर्षं तिच्या सहीशिवाय एकही काटा बाहेर पडला नव्हता. तिची जागा दुसऱ्याला द्यायची गोष्ट चालली होती आणि ती स्वतः वरच्या खोलीत होती. आपण आता काहीतरी बोललं पाहिजे, हे धाकट्याला कळत होतं. त्याने खोकी पुन्हा एकदा मोजली.

थोरली जेवणाची ताटं मांडत सगळं ऐकत होती. जावेबद्दल आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिला वाटलं, पण वाईट काही वाटेना. चौदा वर्षांपूर्वी मुलगी झाली तेव्हा तिनेही ग्रंथालयातली नोकरी सोडली होती. तिच्यासाठी तेव्हा कुणी सभा भरवली नव्हती. सोडावी लागते, सोडतात, त्यात काय एवढं. ताटं जरा जास्तच आवाज करत होती हे तिच्या लक्षात आलं आणि तिने हात हळू केला.

"काय हो," खिडकीशी बसलेल्या आई म्हणाल्या, "चोवीसच्या चोवीस बिघडलेत का, हे कुणी पाहिलं का?"

पाहणार कसं, थोरला म्हणाला. वजनपेटी कुलपात आणि किल्ली वर. आणि वर तर काही बोलायचं नाही, असा बाबांचाच हुकूम.

तो हुकूम खरा होता. बाळाच्या जन्मानंतर मालकांनी घरात जाहीर केलं होतं की सहा महिने तिच्यापुढे कामाचा शब्दसुद्धा काढायचा नाही, तिला विश्रांती हवी. हे त्यांनी प्रेमाने केलं होतं, तिला न विचारता केलं होतं, आणि ते सगळ्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की तिने एकदा स्वतःहून कारखान्याची चौकशी केली तेव्हा धाकट्याने हवापाण्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

आईंनी जिन्याकडे तोंड करून आवाज दिला, "अगं धाकटे, किल्ली घेऊन खाली ये."

धाकटी वर बाळाची टोपी शोधत होती. पाच महिने तिने वाट पाहिली होती की कुणीतरी येऊन म्हणेल, तुझ्यावाचून तिथे अडलंय. कुणी आलं नव्हतं. आपल्यावाचून सगळं सुरळीत चाललंय, अशी तिची खात्री झाली होती आणि ही गोष्ट तिला फार लागली होती. दोन आठवड्यांपूर्वी तिने मालकांच्या नावे कामावर परत रुजू होण्याचा एक अर्ज लिहिला, तीनदा वाचला आणि बाळाच्या दुपट्यांखाली ठेवून दिला. एका घरात राहून सासऱ्यांना अर्ज द्यायचा, याचंच तिला हसू येत होतं. दिवसभरात तिला खरी उसंत मिळे ती सव्वादहा ते सव्वाबारा. मालक रोज नातवाला बाबागाडीतून बागेत नेत आणि ती गाढ झोपे. त्या दोन तासांसाठी ती सासऱ्यांना मनोमन दुवा देत असे.

किल्ली, पेटी आणि बाळ घेऊन ती खाली आली. खोक्यांची भिंत पाहिली, पत्र वाचलं, आणि कुणाला काही न विचारता बाळ थोरलीच्या मांडीवर ठेवलं. तेवढ्यात स्प्रिंगवाली आली. कारखान्यात काट्यांच्या स्प्रिंगा बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून खोकी उघडायला थोरल्याने तिला निरोप पाठवला होता. आत येताच तिची नजर मालकांवर गेली. मालकांनी तिच्याकडे पाहून भुवया इतक्या वर नेल्या की थोरलीला वाटलं, यांच्या डोळ्यांत काही गेलं.

धाकटीने वजनपेटी उघडली. आत हिरव्या मखमलीवर पितळी वजनं ओळीने बसलेली. उघड्या हाताने त्यांना शिवायचं नाही, हा कारखान्याचा पहिला नियम. तिने सुती हातमोजे चढवले, पाच किलोचं वजन उचललं आणि तिला एकदम रडू येईल की काय असं झालं. हे ओझं तिच्या हातांना किती हवं होतं, हे तिला आत्ता कळलं.

पाच आणि एक, असे सहा किलो तिने पहिल्या काट्यावर ठेवले. तबकडीवरचा काटा बरोबर सहावर थांबला. दुसरा बरोबर. तिसरा बरोबर. नवव्यापर्यंत एकही चूक नव्हती. थोरल्याचा चेहरा पडत चालला आणि मालकांच्या चेहऱ्यावर नको तेवढा रंग चढला. दहावा काटा एकशेवीस ग्रॅम कमी दाखवत होता. अकरावाही एकशेवीसच. एकोणिसाव्यापर्यंत सगळे एकशेवीस.

"डोळ्यांचा दोष असता तर चुका लहानमोठ्या आल्या असत्या," ती स्वतःशीच म्हणाली. "या सगळ्या एकसारख्या आहेत."

विसावा काटा चाळीसच ग्रॅम कमी निघाला, आणि तिथून चोविसाव्यापर्यंत चाळीसच.

प्रत्येक काट्यामागे एक तपास-चिठ्ठी असते. तिच्यावर क्रमांक, तारीख, कोणत्या वजनाने तपासला, किती वाजता, आणि सही. मालकांनी एकेचाळीस वर्षं कामगारांना या चिठ्ठीवरून पिडलं होतं, त्यामुळे स्वतःवर पाळी आली तेव्हा खोटं लिहिणं त्यांना जमलं नव्हतं. धाकटीने चोवीस चिठ्ठ्या जमिनीवर क्रमाने मांडल्या आणि त्यांच्यासमोर बसली.

"सगळे सहा किलोवर तपासलेत," ती म्हणाली. "पेटी तर माझ्याकडे होती. बाबा, सहा किलो तुम्ही आणलेत कुठून?"

"माझ्या कपाटात जुनी वजनं होती ती."

आणि याच क्षणी धाकट्याला कंठ फुटला. "ती वजनं गेल्या वर्षी भट्टीत वितळवली, बाबा. तुम्हीच सांगितलंत."

मालकांनी धाकट्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, जन्मभर गप्प राहिलेल्या या मुलाला बोलायला हाच मुहूर्त सापडला का. धाकटीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती वेळा वाचत होती. पहिले नऊ काटे दहा पंचवीस ते दहा अठ्ठावन्न. मग सतरा मिनिटांची खाडाखोड नसलेली, स्वच्छ सुट्टी. दहावा सव्वाअकराला. अकराला काय होतं? अकराला बाळ दूध पितं. रोज सव्वादहाला ती सासऱ्यांबरोबर बाटली देई, आणि बाटलीत किती भरायचं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

तिने मान वर केली. तिची नजर आधी थोरलीच्या मांडीवर गेली, जिथे एक सहा किलोंहून थोडं अधिक भरणारा ऐवज स्वतःच्या मुठी चाखत पडला होता. मालक त्याला लाडाने 'नग' म्हणत. कारखान्यातून नवा माल बाहेर पडला की त्याला जे म्हणतात तेच.

"चिठ्ठ्यांवर तारीख मंगळवारची आहे," ती सावकाश म्हणाली. "आदल्या सोमवारी दवाखान्यात नगाचं वजन बरोबर सहा किलो भरलं होतं. घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं. तुम्ही तर तीन नातेवाइकांना फोन केलेत."

 स्प्रिंगवाली खोक्यांकडे तोंड करून खोकली.

"नऊ काटे झाले आणि नग दूध प्यायला. एकशेवीस आत गेले. तो झाला सहा किलो एकशेवीस आणि तुम्ही स्क्रू पिळून त्याला सहाच दाखवलंत. मग विसाव्याच्या आधी," तिने चिठ्ठी पाहिली, "बारा वाजायच्या सुमाराला, कुणीतरी त्याचं लंगोट बदललं. ऐंशी बाहेर आले."

थोरलीने अभावितपणे आपल्या मांडीखाली हात घालून पाहिला.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मालकांना जरा बरंच वाटलं. डोळ्यांवरचा आळ त्यांना सकाळपासून टोचत होता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिने रजेआधी तपासून ठेवलेला साठा संपला होता आणि हा माल मंगळवारी जायचाच होता. तिला त्रास द्यायचा नाही हा आपलाच हुकूम, मग किल्ली मागायची कशी? आणि समोर बाबागाडीत दवाखान्याने तोलून दिलेले सहा किलो झोपलेले. सोमवारचंच झबलं होतं, सोमवारचीच टोपी. विचार म्हणून त्यात चूक नव्हती, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं. चोवीस वेळा उचलून ठेवलं तरी पोरगं रडलं नाही, उलट हसत होतं. नग दूध प्यायला तेवढीच काय ती गडबड.

"आणि बाग?" धाकटीने विचारलं.

बागेत एकदाच गेलो, मालक म्हणाले. तिथे तो झोपेना. कारखान्यात लेथची घरघर सुरू झाली की लगेच झोपतो. मागच्या दाराने थेट माझ्या खोलीत नेतो, मुलांनाही पत्ता नाही. मग काय करणार माणूस.

धाकटीला भयंकर राग आला होता. मग तिला झबल्यातला नग चोवीस वेळा ताटलीत बसताना दिसला, आणि ती हसायला लागली ती थांबेचना. धाकटाही हसला. मालकही धीर करून हसले. एकटा थोरला हसला नाही, कारण त्याच्या हातात अजून तो कागद होता.

तो म्हणाला की यावरून तर पक्का तपासनीस किती गरजेचा आहे हेच सिद्ध होतं. सही करून टाका, बाबा.

हसू पुसून धाकटी उभी राहिली. "पक्की तपासनीस इथे आहे, दादा. एक तारखेपासून मी येते. सध्या चार तास, नंतर वाढवीन. नग माझ्याबरोबर असेल. मला आतून कडी लागणारी एक खोली हवी, दूध पाजायला आणि काढायला. आणि ती एकट्या मालकांच्या सुनेसाठी नको, सगळ्या बायांसाठी हवी."

"अगं, पण कारखाना ही काय लहान मुलांची जागा आहे?" मालक म्हणाले.

वीस वर्षांची सवय होती, वाक्य आपोआप निघून गेलं. कारखान्याच्या दारावर तशी पाटीच होती, त्यांनीच लावलेली. बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांना स्वतःलाही ऐकू आलं आणि त्यांनी खिडकीकडे पाहायला सुरुवात केली. खिडकीत आई बसल्या होत्या, म्हणून त्यांनी छताकडे पाहिलं.

तेव्हा स्प्रिंगवाली बोलली. ती या घरात आजवर 'हो' आणि 'बरं' याच्या पलीकडे बोलली नव्हती.

"मालक, त्या मंगळवारी बाटली मी पाजली. तुमचे हात स्क्रूला लागलेले होते. लंगोटही मीच बदललं." तिने पदर नीट केला. "माझी सात महिन्यांची आहे. शेजारणीकडे ठेवते. दुपारी अर्ध्या तासात धावत जाऊन येते, उशीर झाला की मुकादम बोलतो. जाता आलं नाही तर गोदामात खोक्यांच्या आड उभी राहून दूध काढते आणि मोरीत ओतते. तुमच्या नातवाला पाजताना मला तिचीच आठवण येत होती. तक्रार नाही. तुम्ही विचारलंत जागा आहे का, म्हणून सांगितलं."

मालकांचं तोंड उतरलं. त्या मंगळवारी ते तिला म्हणाले होते, तुझा हात हलका आहे गं. तिला स्वतःचं मूल आहे हे त्यांना माहीत होतं. ते कुठे असतं, हे तीन आठवडे तिच्या हाती नातू देऊनही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरीची लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ते नुसतेच खुर्चीचा हात चाचपत बसले.

थोरलीच्या मांडीवर नगाने तिचं बोट धरलं होतं. गोदामात खोक्यांच्या आड, हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांची एक खोली होती. तिला कडी होती, खुर्ची होती, आणि दिवस दिवस तिथे कुणी फिरकत नसे. ती खोली तिने मागितली नव्हती आणि तिला कुणी देऊ केली नव्हती. एवढ्याशा गोष्टीपायी आपण अकरा वर्षांची नोकरी सोडली, हे तिला आज चौदा वर्षांनी उमगलं आणि संताप आला. नेमका कुणाचा, ते ठरवत बसायला वेळ नव्हता. तिने बाळ धाकट्याच्या हातात दिलं, नवऱ्याच्या हातून नेमणुकीचा कागद घेतला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"अगं, तो कागद कामाचा आहे," थोरला म्हणाला.

"आता होईल," थोरली म्हणाली. "हं, सांग गं. एक, कडी लागणारी खोली. पुढे?"

धाकटी सांगत गेली आणि थोरली लिहीत गेली. दूध पाजायला जाण्याची वेळ कामातच धरायची. रजेवरून येणाऱ्या बाईची जागा तिला विचारल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही. रजेवर असताना तिला काय हवंय ते तिलाच विचारायचं, तिच्या वतीने हुकूम काढायचे नाहीत. इथे मालक हळूच खोकले. स्प्रिंगवालीने मुकादमाबद्दल एक कलम सुचवलं, ते थोरलीने जसंच्या तसं घेतलं नाही, कारण ते लिहिण्यासारखं नव्हतं.

थोरल्याने पाहिलं की घरात आपल्या बाजूने आता फक्त खोकी उरली आहेत. त्याने शेवटचा प्रयत्न केला. हे सगळं कागदावर छान आहे, पण खोली कुठली? गोदामाला खिडकी नाही, जुळणीच्या दालनाला दार नाही. कडी, हात धुवायला बेसिन, सकाळचं ऊन आणि आडवं व्हायला कोच, असं सगळं असलेली खोली अख्ख्या कारखान्यात—

तो थांबला. सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. अशी खोली कारखान्यात एकच होती, आणि तिच्या दारावर 'मालक' असं लिहिलेलं होतं.

मालकांनी कागद पुढे ओढला. सगळी कलमं वाचली. पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"ते सगळं मान्य," ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. "पण मग मी कुठे बसू?"

सकाळपासून आईंनी एकच प्रश्न विचारला होता. तीन आठवडे रोज दुपारी बाबागाडीच्या चाकांतून पितळेचा कीस त्यांनीच ब्रशने काढला होता आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आता त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बागेत," त्या म्हणाल्या. "रोज जाता की."

मालकांनी सही केली, खाली तारीख घातली आणि सवयीने तिच्या शेजारी वेळही लिहिली.